तिलाच बोलावून विचारा

शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' न वाचलेल्या माणसालाही त्यातला रुमाल ऐकून माहीत असतो. एका रुमालावरून बायकोचा जीव घेणारा संशयी नवरा, एवढ्यात त्या नाटकाची गोष्ट सांगून होते. बी.ए.ला असताना आम्हीही ती तशीच पाठ केली होती. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणजे 'ऑथेल्लोचा मत्सर'. आणि हमखास लिहायचं उत्तर म्हणजे, प्रेम फार होतं म्हणून मत्सरही फार झाला.

हे उत्तर मला तेव्हाही फारसं पटलं नव्हतं. पुढे नाटक पुन्हा पुन्हा वाचताना मला वाटायला लागलं की प्रेम किती होतं यापेक्षा चौकशी कशी झाली हे बघायला हवं. या नाटकात दोन माणसांवर आळ येतो. पहिल्या अंकात नवऱ्यावर, तिसऱ्या अंकापासून बायकोवर. दोघंही आपल्या बचावासाठी एकच मागणी करतात: ज्याच्यावरून आळ घेताय त्या माणसाला इथं बोलावून घ्या आणि त्यालाच विचारा. नवऱ्याची मागणी मान्य होते, बायकोची होत नाही. माझ्या दृष्टीने सगळी शोकांतिका या दोन मागण्यांच्या मधल्या जागेत घडते.

आधी थोडी पार्श्वभूमी. हे नाटक १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या राजवाड्यात झाल्याची नोंद आहे. कथा शेक्सपिअरची स्वतःची नाही. जिराल्दी चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ सालच्या कथासंग्रहातून त्याने ती उचलली. त्या कथेत सेनापतीला नावसुद्धा नाही, तो नुसता 'मूर' आहे. मूर म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचा माणूस. त्या काळच्या युरोपात हा शब्द उच्चारला की काळासावळा रंग आणि इस्लाम या दोन्ही गोष्टी ऐकणाऱ्याच्या मनात येत. १६०० साली मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील अब्द अल-वाहिद बिन मसूद लंडनमध्ये काही महिने राहून गेला होता. त्याचं पागोटं आणि तलवारीसह काढलेलं चित्र आजही पाहायला मिळतं. म्हणजे मूर कसा दिसतो हे लंडनकरांना ठाऊक होतं. नाटकातल्या ऑथेल्लोचा बाप्तिस्मा झालेला आहे, तो व्हेनिसच्या राज्याचा सेनापती आहे, तुर्कांविरुद्ध लढतो आहे. तरीही लोक त्याला नावाने हाक मारण्याऐवजी बऱ्याचदा 'मूर' म्हणूनच बोलतात.

अशा माणसावर ब्राबान्शिओ या सरदाराची मुलगी डेस्डेमोना भाळते आणि दोघं गुपचूप लग्न करतात. त्याच रात्री बापाच्या दारात बातमी पोचते, तीही घाणेरड्या शब्दांत. बाप मशाली आणि माणसं घेऊन बाहेर पडतो. त्याची तक्रार अशी की माझी मुलगी आपल्या मनाने या माणसाकडे जाणंच शक्य नाही. याने तिच्यावर जादूटोणा केला, तिला काहीतरी औषध चारलं. चारशे वर्षांपूर्वीची ही तक्रार आजच्या वाचकाला फार जुनी वाटणार नाही. आपली मुलगी स्वतःच्या अकलेने परक्या माणसाची निवड करू शकते, हे मान्य करण्यापेक्षा तिला कुणीतरी भुरळ घातली असं मानणं बापांना नेहमीच सोपं गेलं आहे.

ड्यूक आणि त्याचं मंडळ सायप्रसच्या संकटावर रात्रीच खलबत करत बसलेलं असतं. तक्रार त्यांच्यापुढे येते. ड्यूक बापाला स्पष्ट बजावतो की तू नुसतं म्हणतोस एवढ्याने आरोप सिद्ध होत नाही. मग आरोपीला बोलू देतो. ऑथेल्लो सांगतो, माझ्या लढायांच्या आणि प्रवासांच्या गोष्टी ती ऐकत गेली आणि त्यातून हे प्रेम जुळलं. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, तिलाच बोलावून घ्या. तिच्या बापासमोर तिला माझ्याबद्दल बोलू द्या. ती मला दोषी म्हणाली तर माझं पद काढा, जीवही घ्या. डेस्डेमोना येते, भर सभेत बापाकडे बघून सांगते की मी याला स्वतःच्या मर्जीने निवडलं. खटला तिथेच संपतो.

बापाला मुलीचं बोलणं सहन होत नाही. जाता जाता तो जावयाला टोमणा मारतो की हिने बापाला फसवलं, उद्या तुलाही फसवेल. ऑथेल्लो त्यावर तिच्या निष्ठेची खात्री स्वतःच्या प्राणावर देतो. सभेतल्या सगळ्यांनी ते ऐकलेलं असतं, आणि त्यांत हाताखालचा अधिकारी इयागोही असतो. टोमणा तो जपून ठेवतो.

इथे आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. त्या रात्री ऑथेल्लोला न्याय मिळाला हे खरं, पण त्या रात्री व्हेनिसला त्याची गरजही होती. तुर्कांचं आरमार सायप्रसवर चाल करून येत होतं आणि त्याला अडवू शकेल असा सेनापती दुसरा नव्हता. आरमार नसतं तर ड्यूकने इतक्या शांतपणे ऐकून घेतलं असतं का? शेक्सपिअर याचं उत्तर देत नाही. मात्र परक्या ठिकाणी कामाच्या बळावर जागा मिळवलेल्या माणसाला हा प्रश्न कधीतरी पडतोच. आपल्याला स्वीकारलंय की आपली गरज आहे म्हणून चालवून घेतलंय? आणि पुढे घडतं असं की वादळात तुर्कांचं आरमार आपोआपच बुडतं. सायप्रसला पोचेपर्यंत लढाई संपलेली असते. सेनापतीला काम उरत नाही. उरतो तो नवा संसार, परकं बेट आणि कानाशी इयागो.

या संसाराला दिवस किती मिळाले हे मोजून बघण्यासारखं आहे. लग्नाच्या रात्री सभेचं बोलावणं आलं. लगेच दोघं वेगवेगळ्या जहाजांतून निघाले. सायप्रसला पोचल्यावर पहिल्या रात्री कॅशिओच्या दारूच्या भांडणाने झोपमोड केली. आणि दुसऱ्या दिवशी इयागो कामाला लागला. रंगमंचावरचा हिशेब असा तासांचा आहे. या दोघांना एकमेकांच्या सवयी कळायला, एकदा भांडून पुन्हा गोड व्हायला वेळच मिळाला नाही. नवरा-बायकोतला विश्वास हा मोठमोठ्या शपथांपेक्षा अशा किरकोळ दिवसांतून साचतो. कुणी उशिरा घरी आलं, का आलं ते सांगितलं, दुसऱ्याला पटलं. असं शंभर वेळा झालं की एकशे एकाव्या वेळी विचारावंही लागत नाही. ऑथेल्लो आणि डेस्डेमोनापाशी प्रेम भरपूर होतं, असे दिवस नव्हते.

इयागोची पद्धत बघा. तो सुरुवातीला आरोप करतच नाही. कॅशिओ डेस्डेमोनापाशी आपली रदबदली करायला आलेला असतो आणि सेनापतीला बघून संकोचाने निघून जातो, तेव्हा इयागो स्वतःशी पुटपुटल्यासारखं करतो की हे काही मला आवडलं नाही. काय म्हणालास असं विचारलं की काही नाही म्हणतो. मग एखादा साधा प्रश्न, मग अर्धवट तोडलेलं वाक्य, मग जाऊ द्या. ऐकणाऱ्याला वाटतं की याला बरंच माहीत आहे, भला माणूस असल्यामुळे सांगत नाही. आपल्याकडे यासाठी 'बदगुमानी' हा नेमका शब्द आहे. कुणाबद्दल मनात वाईट ग्रह धरणं. इयागो ती गुमानी थेट देत नाही. तो मनात मोकळी जागा करतो आणि ऑथेल्लो ती स्वतः भरतो.

शेवटी इयागो खरा घाव घालतो तो 'मी इथला आहे' म्हणून. आमच्या व्हेनिसच्या बायका मला माहीत आहेत, त्या काय करतात ते नवऱ्यांना कळू देत नाहीत, तुम्ही बाहेरचे, तुम्हाला काय ठाऊक? आणि लगेच बापाचा टोमणा पुढे करतो: तुमच्याशी लग्न करताना तिने बापाला फसवलंच होतं की. ऑथेल्लोकडे याला उत्तर नसतं. रणांगण त्याला माहीत आहे, व्हेनिसची दिवाणखाने माहीत नाहीत. म्हणून तो तिथल्या माणसावर विसंबतो. एकटा पडल्यावर तो स्वतःलाच कारणं देतो. मी काळा आहे, मला दरबारी गोड बोलणं येत नाही, माझं वयही उतरणीला लागलंय. यातलं एकही कारण डेस्डेमोनाच्या वागण्याबद्दलचं नाही, सगळी त्याच्याबद्दलची आहेत. हिने काय केलं, हा प्रश्न त्याच्या मनात फार उशिरा येतो. आधी येतो तो, माझ्यासारख्यावर कुणी का प्रेम करील, हा प्रश्न. बापाने भर सभेत जे विचारलं होतं तेच आता तो स्वतःला विचारत असतो.

आता रुमाल. तो कसा पडतो ते फार थोड्यांच्या लक्षात राहतं. ऑथेल्लोचं डोकं दुखत असतं. डेस्डेमोना म्हणते, घट्ट बांधते म्हणजे बरं वाटेल, आणि तोच रुमाल त्याच्या कपाळाला बांधायला जाते. तो तिचा हात झिडकारतो आणि रुमाल खाली पडतो. ज्या वस्तूवरून तिच्यावर बदफैलीचा शिक्का बसणार ती वस्तू नवऱ्याचं डोकं बांधताना तिच्या हातून गेली, आणि ते त्याच्याच हाताने घडलं. चिंथिओच्या मूळ कथेत खलनायक तो रुमाल तिच्याजवळून चोरतो. शेक्सपिअरने चोरी काढून टाकली आणि तिच्या जागी ही डोकेदुखी घातली. एवढ्या एका बदलाने कथा कुठल्या कुठे गेली.

इयागोची बायको एमिलिया तो रुमाल उचलते आणि नवऱ्याला देते, कारण तो कितीदा तरी मागत असतो. कशाला हवा हे तिला माहीत नसतं. नवऱ्याची लहर राखावी, एवढाच तिचा विचार.

मग ऑथेल्लो डेस्डेमोनाकडे रुमाल मागतो. मागण्याआधी तो एक गोष्ट सांगतो: हा रुमाल एका मिसरी जादूगारणीने माझ्या आईला दिला होता, तो जवळ असेपर्यंत नवरा ताब्यात राहतो, हरवला तर प्रेम संपतं. शेवटच्या अंकात मात्र तोच म्हणतो की रुमाल माझ्या वडिलांनी आईला दिला होता. दोनपैकी खरं काय ते कळत नाही. पण पहिल्या गोष्टीचा परिणाम तत्काळ होतो. डेस्डेमोना घाबरते आणि म्हणून जाते की हरवलेला नाही. तिच्या तोंडून निघालेलं हे खोटं भीतीपोटी आलेलं आहे. 'अगं, तो रुमाल दिसत नाही, कुठे पडला का?' असं त्याने साधं विचारलं असतं तर तिने साधंच उत्तर दिलं असतं. तिला आधी धमकावलं आणि मग खरं बोलायला सांगितलं.

हे मी नुसतं पुस्तकातून म्हणत नाही. माझ्या खालाच्या मुलीचा नवरा कुवेतला होता. कोकणातल्या कितीतरी घरांचं असतं तसंच तिचं घर: नवरा आखातात, बायको-मुलं गावात सासू-सासऱ्यांजवळ, संसार फोनवर. एक दिवस त्याचे फोन बंद झाले. पैसे वेळेवर यायचे, मुलीशी तो बोलायचा, बायकोचा आवाज आला की फोन ठेवायचा. ती रडून विचारायची, काय झालं? उत्तर एकच, 'तुला माहीत आहे.' सात महिने तिला एवढं एकच वाक्य मिळालं. ती रोज रात्री आपला सगळा दिवस आठवून बघायची आणि आपला गुन्हा शोधायची. पुढे पुढे तर न केलेल्या गोष्टींचीही तिने माफी मागितली. त्या माफीचाच त्याने पुरावा केला. काही नव्हतं तर माफी कशाची मागते?

माझे अब्बा प्राथमिक शाळेत मास्तर होते. मोहल्ल्यातले घरगुती तंटे त्यांच्यापर्यंत यायचे, आणि त्यांचा एक हट्ट असायचा की दोघंही हजर असल्याशिवाय एकाचंही ऐकायचं नाही. सूरह निसामध्ये म्हटलंय की नवरा-बायकोत फूट पडेल असं वाटलं तर एक पंच नवऱ्याच्या घरचा आणि एक बायकोच्या घरचा नेमा. अब्बांच्या मते या आयतीचा पहिला अर्थ असा की कुणाच्याही एकट्याच्या कानाशी बसू नका. त्यांनी मुलाच्या चाचांना आणि आमच्या मामूंना बसवलं, तिला समोर बसवलं आणि कुवेतला फोन लावला. फोन स्पीकरवर टाकला. म्हणाले, "बाळा, ती इथंच बसलीय. तुझ्या मनात जे आहे ते तिला सांग. कुणाबरोबर, कुठं, कधी, नाव घेऊन सांग." बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग त्याने सांगितलं. गावाहून एका दोस्ताने त्याला कळवलं होतं की तुझी बायको रात्री दहाला परक्या पोराच्या गाडीवर मागे बसून चाललेली दिसली.

तो पोरगा आमच्या मामूंचा मुलगा होता. लेकीला एकशे चारचा ताप भरला होता, रिक्षा मिळत नव्हती, तो दोघींना डॉक्टरकडे घेऊन गेला होता. दोघांच्या मधे बसलेली मुलगी काळोखात बघणाऱ्याला दिसली नसावी. डॉक्टरांची चिठ्ठी तारखेसकट घरात होती. सात महिन्यांचा संशय दहा मिनिटांत निघाला.

संसार टिकला. पण ती मला एकदा म्हणाली, "त्यानं विचारलं असतं तर मला राग आला असता. चार दिवस बोलले नसते त्याच्याशी. पण राग जातो गं. त्यानं माझ्याबद्दल सगळ्यांचं ऐकलं, फक्त मला विचारलं नाही, हे नाही जात." त्यानंतर 'ऑथेल्लो' उघडलं तेव्हा चौथ्या अंकात मी थबकले. तिथे ऑथेल्लो डेस्डेमोनाला बेइमान म्हणतो आणि ती विचारते, कुणाशी? कुणाबरोबर? मी काय बेइमानी केली? तो रडतो, शिव्या देतो, पण नाव सांगत नाही. मला कुवेतचं 'तुला माहीत आहे' ऐकू आलं.

कुणी म्हणेल की ऑथेल्लोने चौकशी केलीच नाही असं नाही, त्याने एमिलियाला विचारलं होतं. विचारलं, हे खरं. आणि एमिलियाने छातीठोकपणे सांगितलं की ती निर्दोष आहे, मी माझा आत्मा पणाला लावते, कुणी तुमच्या मनात भरवलं असेल तर त्याला शाप लागो. पण निकाल आधीच ठरलेला होता. म्हणून एवढी मोठी साक्ष त्याला कुंटणीची चतुराई वाटली. 'होय' म्हणाली असती तर पुरावा मानला असता, 'नाही' म्हणाली तर कट मानला. इयागोकडे मात्र तो पुरावा मागतो आणि कॅशिओने झोपेत काहीतरी बरळल्याची एक बनावट गोष्ट पुरेशी मानतो. सूरह नूरमध्ये पाकदामन स्त्रीवर तोहमत घेणाऱ्याला चार साक्षीदार आणायला सांगितलंय, आणि आणता आले नाहीत तर ऐंशी फटके त्यालाच आहेत. म्हणजे सिद्ध करण्याचं ओझं बोट दाखवणाऱ्यावर. ऑथेल्लोने हे ओझं जिच्याकडे बोट दाखवलं तिच्यावर टाकलं, आणि कशाचं ओझं आहे हेही तिला सांगितलं नाही.

मराठी माणसाला हे नाटक परकं नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ सालीच 'ऑथेल्लो' मराठीत आणलं. मग १८९० साली गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचं 'झुंझारराव' केलं. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डेमोनाची कमळजा झाली. मला नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. याच देवलांनी तीनच वर्षांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिलं, ज्याचं १९१६ मध्ये 'संगीत संशयकल्लोळ' झालं. मुळात ते मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनावरून आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकात, आणि तिथून मराठीत आलेलं. अब्बांना त्यातली पदं तोंडपाठ होती. रविवारी दाढी करताना ते गुणगुणायचे, म्हणून आम्ही पोरं संशय हा विषय हसण्यावारीच न्यायला शिकलो.

दोन्ही नाटकं शेजारी ठेवा. तिकडे रुमाल पडतो, इकडे तसबीर पडते. दोन्हीकडे भलत्याच हातात गेलेल्या एका छोट्या वस्तूवरून नवरा पेटतो. फाल्गुनराव काही ऑथेल्लोपेक्षा कमी संशयी नाही, उलट जास्तच असेल. मग तिथे कुणी का मरत नाही? मला दिसतं ते कारण असं की फाल्गुनरावाच्या घरात सगळे ओरडतात. त्याची बायको कृत्तिका त्याच्याइतकीच संशयी, आणि तोंडाने त्याच्यापेक्षा तिखट. त्याला तिचा संशय, तिला त्याचा, आणि दोघंही तो चव्हाट्यावर मांडतात. नोकरांसमोर, लोकांच्या घरी जाऊन. अब्रूची शोभा होते, पण प्रत्येक आरोपाला नाव आणि ठिकाण असतं. शेवटी सगळे समोरासमोर येतात आणि तसबिरीचा घोटाळा सुटतो. सायप्रसमध्ये मात्र जे काही बोललं जातं ते एकाच्या कानात. तिथली बायको नवऱ्याचा आवाज चढला की स्वतःचा उतरवते. लग्नाच्या रात्री भर सभेत बोलणारी हीच मुलगी. सायप्रसला तिचं ऐकायला सभा नव्हती.

मोठ्याने बोलणारी बाई या शोकांतिकेतही आहे, ती एमिलिया. तिचंही लग्नच आहे, आणि इयागोला तिच्यावरही संशय आहे, तोही ऑथेल्लोवरून. पहिल्याच अंकात तो सांगतो की खरं-खोटं मला माहीत नाही, पण खरं असल्यासारखंच मी वागणार. म्हणजे ज्या आजाराची लागण तो ऑथेल्लोला करतो तो आधी त्याच्याच घरात आहे. नाटक संपेपर्यंत एकाच खोलीत दोन नवऱ्यांनी दोन बायकांना मारलेलं असतं. एकीला बेइमान समजून, दुसरीला खरं बोलली म्हणून. विशाल भारद्वाज यांच्या २००६ सालच्या 'ओंकारा'त रुमालाच्या जागी कमरबंद आला, आणि तिथली एमिलिया, म्हणजे इंदू, शेवटी नवऱ्यावर स्वतःच हत्यार उचलते. शेक्सपिअरच्या एमिलियाकडे फक्त जीभ होती.

आता ती दुसरी मागणी. मृत्यूच्या बिछान्यावर डेस्डेमोनाला पहिल्यांदा कॅशिओचं नाव आणि रुमालाची हकिगत कळते. ऐकताच ती तेच म्हणते जे पहिल्या अंकात तिचा नवरा म्हणाला होता: मी दिला नाही, त्या माणसाला बोलावून घ्या, त्याला विचारा. ऑथेल्लो सांगतो की त्याचं तोंड कायमचं बंद झालंय. कॅशिओला मारायचं काम त्याने इयागोवर सोपवलेलं असतं आणि ते फत्ते झालं असं तो समजून चाललेला असतो. म्हणजे खटला उभा राहण्याआधीच साक्षीदाराचा बंदोबस्त. ती रडते, तर तो म्हणतो की बघा, यारासाठी रडते. मग ती उद्यापर्यंतची मुदत मागते, मग अर्ध्या तासाची, मग एका प्रार्थनेपुरती. काहीच मिळत नाही.

आणि त्यानंतर काय होतं? दार वाजतं. एमिलिया येते, पाठोपाठ इतर लोक येतात, इयागो येतो, शेवटी जिवंत कॅशिओही येतो. सगळे एका खोलीत जमतात. एमिलिया सांगते की रुमाल मला सापडला आणि मी नवऱ्याला दिला. कॅशिओ सांगतो की मला तो माझ्या खोलीत मिळाला. रॉडरिगोच्या खिशातून चिठ्ठ्या निघतात. सगळं खरं उजेडात येतं आणि रंगमंचावर त्याला अर्धा तासही लागत नाही. तिने मागितलेल्या मुदतीत हे सगळं बसलं असतं. ती सभा भरलीच, फक्त जिच्यासाठी भरायला हवी होती ती ऐकायला नव्हती.

मरता मरता डेस्डेमोना एमिलियाला सांगते की मला कुणी मारलं नाही, मीच केलं. आयुष्यातलं तिचं शेवटचं वाक्यही नवऱ्याला वाचवण्यासाठीचं खोटं. तिच्या या बोलण्याला थोर प्रेम म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते वाचवत नाही. मला त्यात खालाची मुलगी दिसते, न केलेल्याची माफी मागणारी.

ऑथेल्लोला शेवटी सगळं कळतं. स्वतःवर वार करण्याआधी तो अलेप्पोमधली एक आठवण सांगतो: तिथे एका पागोटेवाल्या तुर्काने व्हेनिसच्या माणसाला मारहाण केली, तेव्हा मी त्याचा गळा धरून त्याला असाच भोसकला होता. आणि असं म्हणत तो स्वतःला भोसकतो. मारणारा व्हेनिसचा सेनापती तोच आणि मरणारा परका तुर्कही तोच. आयुष्यभर त्याने त्या शहराची चाकरी केली, पण शहराने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर शेवटी त्याने स्वतःलाच लावली. त्या नजरेपुढे त्याची स्वतःची किंमत उरली नाही, आणि ज्याला स्वतःची किंमत वाटत नाही त्याला आपल्यावर कुणी खरोखर प्रेम करतं हेही खरं वाटत नाही. मला त्याची दया येते. पण ती दया डेस्डेमोनाच्या हिशेबातून वजा करून त्याला द्यायला मी तयार नाही.

इयागो मात्र पकडला गेल्यावर सांगतो की यापुढे मी एक शब्दही बोलणार नाही. नाटकभर बोलत राहिलेला तो एकटाच. चार माणसांसमोर जाब द्यायची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे शब्द नव्हते. कानात सांगणाऱ्या माणसाची हीच ओळख अब्बाही सांगायचे. ते म्हणायचे, "जो कानात सांगतो त्याला म्हणावं, चल, तिच्यासमोर बोल. खरा असेल तर येईल."